तलवार तुझी, धाप माझी

प्रिय ओक्बुन,

देगूच्या शाळेत हिवाळ्यात आपण सगळ्या जणी वर्गातल्या कोळशाच्या शेगडीवर जेवणाचे डबे रचायचो, आठवतं? तळाचा डबा करपायचा, वरचा गारच राहायचा. म्हणून सिस्टर मार्ता फळ्याकडे वळल्या की तू हळूच उठून आपले दोन डबे मधे सरकवायचीस. एकदा तुझ्या डब्यातलं किमचीचं पाणी शेगडीवर सांडलं, चर्रर्र झालं, वर्गभर वास सुटला. सिस्टर मागे न वळताच म्हणाल्या, "ओक्बुन, प्रार्थनेआधीच तुझं जेवण स्वर्गात पोचलं वाटतं!" सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्याने तू. ते तुझं घोगरं, मोकळं, अस्सल देगूचं हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. हे मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण यापुढे सगळं रागाचं आहे.

परवा सुनेने फोन माझ्या नाकासमोर धरला. "आई, बघा, तुमच्या मैत्रीणबाई!" कुठल्याशा मुलाखतीच्या कार्यक्रमात तू जांभळ्या जाकिटात, शेजारी एक चुरचुरीत बोलणारी पोरगी, आणि आपले कोरियन सिनेमे कधीच न पाहिलेल्या लोकांनी सुरुवात कुठून करावी ते तू सांगत होतीस. मला केवढा आनंद झाला! सातूचा चहा घेऊन बसले. आणि तू सुरुवात कशाने केलीस? तीन तासांच्या दरबारी कारस्थानाने! अगं, परक्या पाहुण्याला पहिल्याच जेवणात आंबवलेला, उग्र वासाचा वागळी मासा कुणी वाढतं का? तो ताटावरून उठून जाईल. आधी मारामारीचे सिनेमे द्यावेत, त्यांना भाषा लागत नाही. मग थरारक. खुनी कोण याच्या धास्तीने माणूस पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी भराभर वाचायला शिकतो. राजवाड्यात शेवटी न्यावं. तिथे कोण कुणापुढे किती वाकलं यातच अर्धी गोष्ट असते, आणि ते बघायला डोळे तयार व्हावे लागतात. हे तुला मी सांगायचं? सगळा जन्म त्यात घालवलेल्या बाईला?

पण तेही मी गिळलं असतं. मग तू आपल्या 'नदीपलीकडची मशाल' या सिनेमावर आलीस. म्हणालीस, "हा जरूर बघा, पण जुनी प्रत नको हं. त्यात माझा आवाज नाहीये. आता कंपनीने कॉम्प्युटरकडून माझा तरुणपणीचा आवाज घडवून घेतलाय, ती नवी प्रत बघा. जुनी काढूनच टाकणार आहेत." त्या पोरीने टाळ्या पिटल्या. "अय्या! म्हणजे इतक्या वर्षांनी आजींना आवाज मिळाला!"

आवाज मिळाला! मग आधीचा कुठून आला होता, वाऱ्यावरून? त्या पोरीला तू सांगितलंस का, की तेव्हा आपल्याकडे चित्रीकरण मुकंच व्हायचं आणि नंतर सोलमधल्या सिनेमावाल्यांच्या चुंगमुरोत, एका खोलीत आम्ही पाच-सहा जण एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहून सगळ्यांची तोंडं बोलती करायचो? पावलं वाजू नयेत म्हणून बूट बाहेर. कोळसा तडतडेल म्हणून ऐन थंडीत शेगडी विझवलेली. पडद्यावर तू, राणी, पाठीला मूल बांधून किल्ल्याची भिंत चढत होतीस आणि इकडे मी पोटुशी, पायांत लोकरीचे मोजे, फरशी बर्फासारखी. तलवार तू उचललीस, धाप मला लागली. ती खोटी नव्हती गं. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "बाई, थोडं कमी दमा." मी म्हटलं, "माझ्या पोराला सांगा, तो आतून लाथा मारतोय."

नवी प्रतही मी पाहिली. त्यात तुला धापच लागत नाही. एवढी भिंत चढून वर येतेस आणि बातम्या वाचल्यासारखी बोलतेस!

तुला काय सलत होतं ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. 'मशाल'च्या दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "चेहरा राणीचा, बोली मासळीबाजाराची." तू जेवली नाहीस त्या दिवशी. ते मलाही लागलं होतं. माझी बोली तीच होती. सिस्टर मार्तांनी पट्टी आपटून आपटून तिला इस्त्री केली होती, एवढंच. पण या नव्या आवाजात तरी आपलं देगू कुठे आहे? तुझं ते घोगरेपण? सोलच्या वळणाचा, धुऊन पुसून ठेवलेला कुणा तिऱ्हाइताचाच आवाज आहे तो. तेव्हा त्यांनी तुझी बोली नाकारली आणि आताही तेच केलं. या वेळी वर 'हा घ्या तुमचाच आवाज' म्हणून तुझ्या हातात ठेवला, आणि तू आभार मानलेस! मला कशाचा संताप आला असेल तर याचा.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का नाही केलास. नव्या वर्षापासून तुझे फोन सूनच घेते आहे, "आई झोपल्यात" म्हणते. मी झोपलेली नसते, ओक्बुन. समोरच बसलेली असते. माझ्या घशात गाठ आहे. येत्या गुरुवारी ती काढतील आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही. डॉक्टर म्हणतात, जगाल, पण बोलणं नाही. म्हणजे यापुढे मी बोलताना सापडले तर त्या जुन्या प्रतीतच सापडेन. ती प्रत काढून टाकू देऊ नकोस. तुझा शब्द कंपनीवाले मोडणार नाहीत. त्या कार्यक्रमात पुन्हा जा आणि सांग, जुनी आधी बघा. तुला तुझाही आवाज हवाच असेल, आणि तो असायलाच हवा, तर यंत्राचा नको. स्वतः खोलीत उभी राहा, आजच्या म्हाताऱ्या गळ्याने आणि आपल्या देगूच्या बोलीत राणी बोलू दे. ती तिसरी प्रत मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. कान शाबूत आहेत माझे.

बाकी वाटणी अशी. गच्चीवरचे आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण सुनेला, तिला चव कळते. माझं प्रार्थनेचं पुस्तक आणि जपमाळ शाळेतल्या सिस्टरांना. जुन्या प्रतीतला आवाज त्या सगळ्यांना, ज्यांनी आपला एकही सिनेमा अजून पाहिलेला नाही. आणि लोकरीचे मोजे तुला. या पत्राबरोबरच पाठवते आहे. धुतलेले आहेत, डाव्याला टाचेपाशी रफू केलंय. फरशी फार गार असते, घालूनच उभी राहा.

रागावलेली, तरी तुझीच,
जोंग-इम