तीन ठिपक्यांचं गोंदण

आई, शेवटी मी गोंदवून घेतलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता साठीला टेकल्यावर तुला ही बातमी सांगतेय. आपल्या अंगणात गोंदणारीण आली होती, तेव्हा ताई शहाण्यासारखी बसली आणि दंडावर तुळस काढून घेतली. मी मात्र सुई बघितली आणि जी पळाले, ती कालव्याकडच्या केळीत जाऊन दडले. दिवेलागणीला तू मला कानाला धरून घरी आणलंस. "सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं," तू म्हणालीस, "गोंदण तेवढं संगं येतं. तू जाशील वर रिकामी." मी म्हटलं, जाईन रिकामी. त्यावर तुलाही हसू आलं होतं, पदराआड का होईना.

यंदा माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग सोलापूरच्या कॅन्सर सेंटरमध्ये किरणांचा शेक घ्यायचं ठरलं. शेक हा शब्द ऐकला आणि मला तूच दिसलीस. तुझा शेक पार मुंबईत होता, आणि तू तो अर्धा टाकून आलीस. परक्या मुलखात जीव लागत नाही म्हणालीस, पुन्हा काही गेली नाहीस, आणि वर्षभरात आम्ही दोघी पोरक्या झालो. म्हणून अकलूजहून निघतानाच मी मनाशी पक्कं केलं, काय वाट्टेल ते होवो, अर्धवट सोडायचं नाही. मुक्काम ताईकडे सोलापुरातच. तयारीच्या दिवशी मशीनवरच्या मुलीनं मला झोपवलं, अंगावर पेनानं रेघा ओढल्या आणि सुई घेऊन म्हणाली, "मावशी, तीन ठिपके गोंदायचेत. रोज त्याच जागी किरण पडायला पाहिजेत ना." आता तिथं कुठली केळीची बाग? तिन्ही ठिपके गोंदवून घेतले.

खरं तर शेकाचं काहीच दुखत नाही गं. खोली गार असते, हात डोक्यावर घेऊन निजायचं, सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं आणि मशीन आपलं घुं घुं करत भोवती फिरतं. तू त्याबद्दल कधी बोललीच नाहीस, त्यामुळं आत भाजत असणार असंच मी इतकी वर्षं समजत होते. माझं सगळं सुरळीत चाललेलं आणि मध्येच दिवाळी आली. सेंटरला सुट्टी. पहिल्या अंघोळीला ताईनं पहाटेच उठवलं. मी तिला बजावलं होतं, त्या बाजूला तेल, साबण काही लावायचं नाही, रेघा जपायच्यात. पण ती पडली तुझीच लेक. "पयल्या अंघुळीला बिनतेलाची ऱ्हातीस? नरकात जायचंय व्हय?" म्हणाली आणि बसली चोळायला. पाठ चोळता चोळता तिचा हात पुढं आला, आणि मी अगं अगं करेपर्यंत उटण्याबरोबर जांभळ्या रेघा मोरीत वाहून गेल्या. शेक कुठं द्यायचा ते त्या रेघांवरूनच कळतं, अशी माझी समजूत. ताई तांब्या हातात धरून रडायला लागली. ती दिवाळी अशीच गेली, ना चकली घशाखाली उतरली ना डोळ्याला डोळा लागला. झालं, आता माझाही शेक अर्धवट राहणार, आईच्याच वाटेनं लेक जाणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सेंटर उघडलं त्या दिवशी ताई चोरासारखी माझ्या मागं मागं आली. त्या पोरीनं आधी तेलावरून आम्हा दोघींना चांगलंच फैलावर घेतलं. मग ताईला बाहेर बसवलं, मला आत नेऊन निजवलं आणि दिवे मंद केले. भिंतीतून उजेडाच्या लाल रेघा माझ्या अंगावर आल्या. मी श्वास धरून छताकडं बघतेय. ती वाकली, पलंग जरासा सरकवला, पुन्हा वाकली.

"ठिपके आहेत की, मावशी. रेघा काय, परत ओढू. गोंदण कोण पुसणार?"

आई, मला असं हसू फुटलं की ती म्हणाली, हलू नका. हसता हसता डोळ्यातलं पाणी कानात गेलं, आणि हात वर असल्यामुळं पुसताही येईना. मशीनमधून फोटो काढून तिनं सगळं पुन्हा एकदा तपासलं, आणि त्याच दिवशी शेक पुढं चालू झाला.

काल शेवटचा झाला. पुरा झाला, आई. कातडी काळवंडलीय, जिना चढले की दम लागतो, पण डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासणीला यायचं. घरी आल्यावर ताईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आणि कितीतरी दिवसांनी मला घासाची चव लागली. जेवण झाल्यावर तिनं माझे ठिपके निरखून बघितले, स्वतःच्या दंडावरची तुळस बघितली आणि म्हणाली, "ह्याला काय गोंदण म्हणायचं का? मुंगी बी ह्याच्यापेक्षा मोठी असती." मी म्हटलं, असू दे, माझं मला पुरेसं आहे.

तुझा पत्ता कुणाकडे नाही, तेव्हा हे पत्र माझ्याच उशाखाली राहणार. पण खरं सांगू? मी रिकामी येणार नाही, हे तुला कळावं असं फार वाटतंय. फक्त ते दाखवायला यायची मला अजून जरासुद्धा घाई नाही.