ओम्नीच्या हरवलेल्या आरसीबाबत मामांस खुलासा

नाही मामा, पुन्हा एकदा लिहून देतो, ओम्नीची आरसी मी चोरली नाही. मागच्या पत्रातही हेच लिहिलं होतं, पण ते तुम्ही न फोडताच वीजबिलाच्या तारेत अडकवून ठेवलं, असं तुमचीच पोरगी डिंपल म्हणाली. फोन तर माझं नाव दिसलं की कापता. म्हणून या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकलं नाही. इथपर्यंत वाचलंच हाय तर पुढचंही वाचून घ्या.

आता रीतीनं. तीर्थरूप नारायणराव मामांस सागरचा साष्टांग नमस्कार. मी इकडे मोरबीत खुशाल हाय (टाइलच्या भट्टीपुढं माणूस जेवढा खुशाल राहू शकते तेवढा). मामीच्या गुडघ्यांले उतार पडला का ते कळवावं. बकरीचंही कळवावं. तीच, जिच्या पायाले माझ्या हातून ओम्नीचं चाक लागलं आणि तुम्ही चारचौघात मले असं काही ऐकवलं की मी त्याच दिवशी गाव सोडलं. बकरीचा पाय पंधरा दिवसांत जुळला म्हणे. आपलं वर्ष झालं, अजून जुळून राह्यलं.

मूळ मुद्दा असा. महालक्ष्म्यांले मी तीन दिवस घरी आलो. जेवणाच्या पंगतीत तुम्ही माझ्याकडं न पाहता, भिंतीले सांगावं तसं सांगतलं की गाडी विकाले काढली हाय. मी आणखी एक पुरणपोळी मागून घेतली (तिथंच तुम्हाले शंका याले पाहिजे होती). मी मोरबीले पोचलो न पोचलो तोच जानेफळच्या भाजीवाल्याकडून तुम्ही अकरा हजार इसार घेतला, कागद काढाले कपाट उघडलं, आणि आरसी गायब. मग तुम्ही अख्ख्या अमडापुरात सांगत सुटले की भाच्यानं नेली. काऊन? तर म्हणे घरात येऊन गेलेला तोच एक. मामा, त्या तीन दिवसांत आपल्या घरी साठ माणूस जेवून गेलं.

तुम्ही ठाण्यात गेले तेव्हा डिंपल सोबत होती, तिनं सगळं फोनवर ऐकवलं. हवालदार साहेबांनी विचारलं, गाडी कुठाय? तुम्ही म्हणाले, दारात. ते म्हणाले, म्हणजे चोरानं गाडी सोडली आणि कागद नेला? तुम्ही म्हणाले, साहेब, तुम्ही गाडी पाह्यली असती तर तुम्हीही कागदच नेला असता. (यावर मी भट्टीपाशी इतका हसलो की मुकादमानं पाणी पाजलं.) पण चोरी लिहिली तर भाच्याले मोरबीहून बोलवावं लागते, हे ऐकल्यावर तुम्ही एकदम म्हणाले, राहू द्या, हरवली लिहा. डिंपलनं हे दोनदा सांगतलं. मीही तिले दोनदा सांगाले लावलं.

मग चिखलीले प्रतिज्ञापत्र. कुठं हरवली, या रकान्यात लोक रस्त्यात, बसमध्ये, बाजारात असं लिहितात. तुम्ही पडले सत्यवादी, लिहिलं, राहत्या घरात. तो स्टॅम्पवाला म्हणे, काका, घरात हरवली तर शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेक्षा झाडू स्वस्त पडते. तरी तुम्ही अक्षर बदललं नाही. त्याबद्दल तुम्हाले मानलं मामा, आणि ते काऊन मानलं ते खाली कळेल.

शेवटी दुसऱ्या आरसीचा अर्ज भराले सेतू केंद्रात बसले, तर ओटीपी आला माझ्या फोनवर. कारण गाडी घेतली तेव्हा तुमच्यापाशी मोबाईल नव्हता आणि कागदावर नंबर माझा लागला. पहिल्या खेपेले माझी पाळी चालू होती, फोन कारखान्याच्या पेटीत बंद होता. दुसऱ्या खेपेले मी डिंपलच्या फोनवर आकडे सांगाले तयार, तर तुम्ही अडून बसले की चोराच्या तोंडचा आकडा आपल्याले नको. तुमची समजूत घालेपर्यंत आकडा शिळा झाला. तिसऱ्या खेपेले डिंपलनं घेतला, तर मशीन म्हणे चुकीचा. तो सेतूवाला आता तुम्हाले पाहून शटर ओढते म्हणे.

मामा, वर्षात हे माझं तिसरं काम. एकाही जागी चार महिने टिकलो नाही. त्याच ओम्नीतून अमडापूर-चिखली सवाऱ्या वाहिल्या तेवढी दोन वर्षंच मी एका जागी टिकलो, आणि ती जागाही सारखी हलत होती. बाकी काय लिहू. मोठ्यांच्या पाया पडतो, बकरीले दुरून नमस्कार.

तुमचा (ठाण्यात नोंद न झालेला) भाचा,
सागर

ता. क. : तिसऱ्या खेपेचे शेवटचे दोन आकडे मी उलटे सांगतले होते. डिंपलले बोलू नका, तिनं बरोबरच लिहिले.

आणखी : तुमचं प्रतिज्ञापत्र शंभर टक्के खरं हाय. आरसी राहत्या घरातच हाय. आपल्या घरची रीत हाय ना, जे वाढावं वाटते ते थोरल्या महालक्ष्मीच्या कोठीत, तिच्या पोटात घालाचं, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा बसेपर्यंत झाकण उघडाचं नाही. गव्हाच्या खाली, खारकांच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली हाय. आता देवीचं पोट मधातच उघडाचं धाडस तुम्हीच करा.

आणखी एक : मामीवर रागावू नका. गाडी गेली तर तिले दुसरबीडले माहेरी एसटीत उभ्यानं जावं लागेल, त्या गुडघ्यांनी. झाकण तिनंच धरलं होतं.

शेवटचं : दिवाळीच्या आधी कायमचा येऊन राह्यलो, गाडी मीच चालवीन, बकरी बांधून ठेवा. तोवर भाजीवाल्याचा इसार परत करून टाका. त्यासाठी डिंपलच्या खात्यात पैसे टाकले हायेत, अकरा हजारातून ठाण्यात माझं नाव घेतल्याचे एकावन्न कापून, रुपये दहा हजार नऊशे एकोणपन्नास.