पानी हाय

सोम. २१ नोव्हेंबर १९८३
काल पुन्हा नाचक्की. मैदानावर आमचे सहाच. पंचाने घड्याळ बघितलं, दहा मिनिटं थांबला आणि समोरच्यांना मॅच देऊन टाकली. कोजागिरीनंतरच्या रविवारीही हेच झालं होतं. कबड्डी लीगचा नियम सरळ आहे: सात उभे नसतील तर मॅच गेली, आणि अशा तीन गेल्या की टीमचं नाव कायमचं कापणार. दोन झाल्या.
वहीत नावं नऊ. न आलेले तीन. एकाला ओव्हरटाइम. एक मुलगी बघायला कल्याणला. तिसरा जन्या. सारसोळ्याचा जनार्दन, चढाईला आमच्याकडे त्याच्याशिवाय कोण आहे? परवाच सांगून गेला होता, "अण्णा, रयवारी नाय जमनार. पानी हाय."
मागच्या वेळी पण पाणीच होतं. नेरुळात नळाला संध्याकाळी पाऊण तास पाणी येतं, आमच्याकडेही येतं. म्हणून मी मॅच सोडून बादल्या लावत बसलो का?
सौ. म्हणाली, तुम्ही कुठे लावता, मीच लावते. तो वेगळा विषय.

मंगळ. २२ नोव्हें.
लीगच्या सेक्रेटरींकडे जाऊन आलो. चहा पाजला, गोड बोललो, माझ्या वर्कशॉपचं कौतुक ऐकून घेतलं. शेवटी माणूस म्हणाला, "पुढची मॅच सत्तावीसला घेता की चार तारखेला? तुम्ही सांगाल ती." मी फट् करून चार म्हटलं. आठ दिवस प्रॅक्टिसला जास्त मिळतात. तेवढी अक्कल आहे आपल्याला.
प्रॅक्टिसचं नाव घेतलं म्हणून. आज संध्याकाळी पाच आले. प्रकाश (कॅप्टन, बाप मंत्रालयात क्लार्क, पोरगं बोलायला हुशार) म्हणतो, अण्णा, सगळ्यांना इंटरेस्ट आहे, टाइम नाही. मी म्हटलं, मला उलट दिसतंय.
आणि जे येतात ते तरी? पहिला हाफ वाघ. शेवटची पाच मिनिटं राहिली, समोरच्यांनी लोण चढवला, की सगळ्यांच्या माना खाली. अंगात ताकद आहे. पण मार खाऊन परत उभं राहायची... त्याला काय म्हणतात कोण जाणे. ज्या कंपनीच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग मी भरतो तिथला मॅनेजर 'कमिटमेंट' म्हणतो. शब्द भारी आहे. तो कुठून भरायचा ते नाही सांगत.

गुरु. २४ नोव्हें.
आज शपथ घेतली. गावदेवीसमोर नारळ ठेवला आणि प्रत्येकाला हात ठेवायला लावला: चार तारखेला काहीही झालं तरी मैदानावर. प्रकाशने हात ठेवला. माझ्याच वर्कशॉपमधला वामन, त्याने ठेवला. एकेक करत आठ झाले. जन्याने हात पुढे केला आणि परत घेतला.
"नाय अण्णा. त्या दिशी पानी हाय."
अजून दहा दिवस आहेत आणि याला आत्ताच माहीत आहे की त्या दिवशी पाणी आहे! माझं डोकंच गेलं. सगळ्यांसमोर बोललो, पाणी भरायचीच एवढी हौस असेल तर चड्डी कशाला, लुगडं नेस. जन्याच्या गावातली दोन पोरं खाली बघून हसली. माझ्या बोलण्यावरच हसली असणार.
जन्या वळला. चप्पल घातली आणि गेला. प्रसादही नाही घेतला.
जास्त बोललो का? पण आठ जणांनी शपथ घेतली आणि एकाला घेता येत नाही म्हणजे काय.

रवि. २७ नोव्हें.
सकाळी सातला प्रॅ. शपथवाल्यांपैकी चार. आणि सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल? जन्या. एकटाच मैदानाला फेऱ्या मारत होता. बरं वाटलं, पण दाखवलं नाही. विचारलं, काय, आज नाही का पाणी? तर दात काढत म्हणतो,
"आज भांग हाय अण्णा. दिसभर मोकला."
सकाळी सातला! जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर तोंडाचा वास घ्यायला लावला वामनला. वामन म्हणाला, मिसरीचा येतोय. मी म्हटलं, भांगेला वास नसतो. घरी पाठवणारच होतो, पण तेवढ्यात त्याने चढाई घेतली. डोळे मिटून ऐकली मी. पस्तीस वर्षं मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावून कानाने सांगतोय कुठलं बेअरिंग गेलंय, मला दम तुटलेला ऐकू येतो. याचा तुटला नाही. दोघांना शिवून परत आला आणि कबड्डी कबड्डी चालूच. नशा केलेल्या माणसाचा दम असा राहतो?
पण कबूल तर त्यानेच केलं. म्हटलं, ही मुलं अशीच वाया जातात. गावात जमिनी गेल्या, हाताला काम नाही, मग भांग. याच्या घरी जाऊन आईशी बोललंच पाहिजे. आणि पाण्याचाही एकदाचा बंदोबस्त करू.

मंगळ. २९ नोव्हें.
लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.
वर्कशॉपमधलं दोनशे लिटरचं रिकामं पिंप स्वच्छ धुऊन घेतलं, हातगाडीवर टाकलं आणि वामनला घेऊन सारसोळ्याला जन्याच्या घरी गेलो. आई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. बाप आत खाटेवर. श्रावणापासून त्याची कंबर धरली आहे, उठता येत नाही, हे मला आजच कळलं. मी समजुतीने सुरुवात केली. म्हटलं, बाई, पोरगं गुणी आहे, पण पाण्यापायी मॅच बुडते, म्हणून हे पिंप. एकदा भरलं की दोन दिवस बघायला नको.
बाई पिंपाकडे बघते, माझ्याकडे बघते.
"आमचे दारान हीर हाय. पिंप कनाला?"
खरंच, दारात विहीर. काठोकाठ. तरी मी थांबलो नाही. भांगेचं पण काढलं. म्हटलं, रविवारी सकाळी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं त्याने.
बाई हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, मग खालीच बसली. आतून बापाचा पण आवाज आला, हसताना कंबर दुखत होती तरी हसत होता. शेवटी बाईने डोळे पुसून समजावलं. पानी म्हणजे नळाचं नव्हे. पानी म्हणजे खाडीचं. अमावास्या-पुनवेला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण, पाण्याला ओढ असते, तेव्हाच जाळ्यात मासळी घुसते. मधल्या अष्टमीच्या दिवसांत पाणी मरतं, जाळं लावून उपयोग नाही, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पोरगं मोकळं. उधाणाला होडीवर दोन माणसं लागतातच: एक तिचा भाऊ, दुसरा नवरा होता, आता जन्या.
"तुमी येवरं शानं," बाई म्हणाली, "तुमाला ठावं नाय?"
चार वर्षं झाली इथे येऊन. खाडी घरातून दिसते.
पिंप परत आणणार होतो. बाई म्हणाली, र्‍हाऊं द्या, जाली ठेवाला होल.

त्याच दिवशी, जेवणानंतर
कॅलेंडर काढून बघितलं. पहिली मॅच कोजागिरीनंतर दोन दिवसांनी. दुसरी त्रिपुरी पौर्णिमेला. चार डिसेंबर: अमावास्या. आणि मी नको म्हटलेला सत्तावीस? अष्टमी. भांग.
सौ. म्हणाली, तुमचे कान मोटारींपुरतेच.

बुध. ३० नोव्हें.
सेक्रेटरी ऐकत नाहीत. "तारीख तुम्हीच मागितलीत. भरती-ओहोटी बघून लीग चालवू का?" वेळ तरी बदला म्हटलं, पाचच्या ऐवजी बाराला. तर बाराची वेळ दुसऱ्या दोन टीमना आधीच दिलीय म्हणे. अमावास्येला भर दुपारी भरती, मग ओहोटी लागली की होडी सुटणार, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी थांबतं तेव्हा जाळं उचलायचं. म्हणजे बरोबर मॅचच्या वेळेला. शोधून काढली असती तरी याहून वाईट वेळ सापडली नसती.
गावातल्या पोरांना विचारलं, अरे, तुम्हाला तरी माहीत होतं ना? त्यांच्या घरच्या होड्या गेल्या, कंपनीत लागली, पण भाषा तर येते. म्हणाली, "आमाला वाटला तुमाला ठावं हाय. तुमी मस्करी करता."

शुक्र. २ डिसें.
एक शपथवाला गळाला. कल्याणचं स्थळ पसंत, रविवारी साखरपुडा. म्हटलं, नारळावर हात ठेवला होतास. म्हणतो, तेव्हा पत्रिका जुळली नव्हती. दुसऱ्याची सेकंड शिफ्ट पक्की. सुपरवायझरला भेटलो, हात जोडले, नाही.
म्हणजे आठातले सहा. जन्या धरून सात.
संध्याकाळी धक्क्यावर गेलो. जन्या जाळं शिवत होता. माफी कशी मागायची याची येताना तयारी केली होती, तिथे एकही वाक्य आठवेना. म्हटलं, लुगड्याचं चुकलं माझं. वास घ्यायला लावला तेही. तो शिवतच राहिला. मग म्हणाला, "मना खेलायचा हाय अण्णा. पन मामा येकला काय करल? जालं भरला तं वरती घेवाला दोन हात कमी पडतान."
शपथ का नाही घेतलीस, विचारलं. म्हणाला, खोटी कशी घेऊ.
 उठलो.

शनि. ३ डिसें.
मामाशी बोललो. म्हटलं, दोन हात लागतात ना? हे घ्या.
मामा मला पायापासून वर बघत गेला. "पवता येतं?" नाही म्हटलं. आमच्या साताऱ्याकडच्या गावात पोहण्याएवढं पाणीच नव्हतं. "बावन वर्सांचं वय, पोट हे असला."  मग म्हणाला, "वजन हाय. होरी वाऱ्यान उरनार नाय. पन मधी वकलास तं मी मागारी फिरनार नाय."
ठरलं. जन्या मैदानावर, मी होडीत.
सौ.ला सांगितलं. तिने पोळी तव्यावर करपू दिली. मग म्हणाली, तिथे तरी नीट ऐका काय सांगतात ते.

रवि. ४ डिसें. दुपारी बारा
भरती पुरी व्हायला आली. मामाने दीडला बोलावलंय. जुनी पँट, दोरी, उलटी झालीच तर लिंबू. सौ.चा राग गेला नाही, पण लिंबू तिनेच दिलं.
सकाळपासून वामनला पाठवलं होतं, बाकीचे पाच जण घरी आहेत का बघायला. चार भेटले. प्रकाशच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, कुटुंब सकाळीच बाहेर पडलंय, कुठे ते सांगून नाही गेलं. असेल, थेट मैदानावर येणार असेल. कॅप्टन आहे. नारळावर पहिला हात त्याचा.
आत्ताच जन्या दारात येऊन गेला. पायात बूट, घरात कोणाचे तरी होते, सैल. मामाला काय हवं-नको ते मला दोनदा सांगितलं: जाळं ओढताना पाय कुठे टेकवायचे, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. मग जाता जाता विचारलं,
"अण्णा, सात होतीन ना?"
हो म्हटलं.
आता निघायला हवं. परत येईपर्यंत अंधार पडलेला असेल. आम्ही लीगमध्ये आहोत की नाही ते धक्क्यावर जो पहिला भेटेल त्याला विचारावं लागेल.