अक्काचं बोलकं घड्याळ

येलहंका, बेंगळुरू
६ ऑगस्ट २०२५

चि. अजितला अ. उ. आशीर्वाद.

अक्षर वरच्या मजल्यावरच्या शाल्मलीचं, राग माझा. फोनच केला असता, पण माझा प्रत्येक शब्द अवधूत ऐकतो. हल्ली या घरात आईपेक्षा मुलगाच मोठा झालाय.

तू पाठवलेलं बोलकं घड्याळ सोमवारी पहिल्यांदा बांधलं. बटण दाबलं की आतली बाई वेळ सांगते. कारखान्याची गाडी कोपऱ्यावर पावणेआठला येते. बाईने पावणेआठ सांगितले, मग सात पन्नास, मग सात पंचावन्न. गाडीचा पत्ता नाही. मंजुनाथ गाडी चालवताना फोन उचलत नाही. चुकली म्हणून ऑटो केली. ऑटोवाल्या अण्णाने पीण्याच्या कारखाना-वसाहतीत भलत्याच गेटपाशी सोडलं आणि माझा पाय गटारात गेला.

मंजुनाथ म्हणतो, तो वेळेवर आला होता, मीच नव्हते. झालं! अवधूतने ठरवून टाकलं की आईचे डोळे गेले, आता डोकंही चाललं. एक तारखेपासून नोकरी बंद. अरे, लोखंडी पार्टची कड बोटांनी तपासण्यात माझा हात धरणारं तिथे कोणी नाही! मी काय भ्रमिष्ट आहे? तू तरी त्याला समजाव.

लोभ आहेच, पाय सुजल्यामुळे सध्या जरा चिडका आहे.

अक्का

निपाणी
११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. पायाला शेक दे. रागावू नकोस, पण अवधूतचं काही चुकत नाही. साठी आली, आता घरी बसून रेडिओ ऐक की.

घड्याळाला मात्र नावं ठेवू नकोस. मी स्वतः लावून पाठवलंय. आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळासारखं पंधरा मिनिटं पुढे ठेवलंय, म्हणजे तुझी नेहमीची धांदल नको. शाळेत तुझ्यापायी मी किती छड्या खाल्ल्या!

रागासकट तुझा लोभ हवा.

अजित

येलहंका
१६ ऑगस्ट २०२५

अजित, आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

पंधरा मिनिटं पुढे, हे वाक्य मी शाल्मलीला तीनदा वाचायला लावलं. अरे शहाण्या! तुम्ही भिंतीकडे बघता आणि मनात पंधरा मिनिटं वजा करता, कारण तुम्हाला माहीत असतं. मला कोणी सांगितलं होतं? मी त्या बाईवर डोळे मिटून विश्वास ठेवला, दुसरं करणार काय?

बारा दिवस मी माझ्यावरच संशय घेतेय. गॅस बंद केलाय का, ते चार-चारदा चाचपते. अवधूत म्हणतो तेच खरं असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं. राग या संशयाचा आहे, पायाचा नाही.

शाल्मलीने घड्याळ बरोबर लावून दिलंय. आता तू तुझ्या अक्षरात अवधूतला लिही की चूक मामाची होती, आईची नव्हती. गोड शब्द नकोत. लोभाचं काय ते तुझं पत्र पोचल्यावर बघू.

मी मात्र त्या पत्रासाठी थांबणार नाही. सोमवारी कोपऱ्यावर उभी असेन. गाडी चुकलीच, तर या खेपेला मी चुकवलेली असेल.

अक्का