लाल कार्ड आणि सगळ्यात उशिराचं टोकन

४ मार्च, मंगळवार

रांगेत एकशे दहा मिनिटं! आणि रोलर कोस्टरची गाडी चालते किती? दोन मिनिटं दहा सेकंद. वर जाते, खाली येते, लोक किंचाळतात, संपलं.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाई, सहा वर्षं तुम्ही या रांगेच्या शेपटाला उभ्या आहात. एवढं ताटकळण्यात काही अर्थ आहे का, ते एका पानावर लिहून द्या. चोवीस तारखेपर्यंत." मी 'नाही' लिहिलं तर रांग बंद, टोकन सुरू. टोकन घ्यायचं, बागेत कुठेही भटकायचं, वेळ झाली की यायचं. आणि टोकनच्या खिडकीत मी. खुर्चीवर! माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सही केली असती.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग लिही की 'नाही'. त्यात विचार कसला?" म्हटलं, नीट बघून लिहीन. "आली मोठी न्यायाधीश!"

६ मार्च, गुरुवार

पान लिहायला बसले. आधी रांग कशी मोजतो ते लिहावं म्हटलं.

शेवटी येऊन उभा राहील त्याच्या हातात लाल कार्ड द्यायचं. त्यावर मी वेळ लिहिते. तो माणूस रांगेतून सरकत सरकत वर फलाटावर पोचला की गाडी सोडणारा लिव्हरवाला कार्ड घेतो, विचारतो, "किती वाजता उभे राहिलात? किती जण?" — माणूस मध्येच बदलला नाही ना, याची खात्री. मग पोचल्याची वेळ टाकतो आणि चिमट्याला लावून तारेवरून खाली सोडतो. सर्रकन माझ्यापाशी! मी वजाबाकी करते, पंधरा मिनिटं वाढवते आणि फळ्यावर आकडा लावते. पंधरा का? साहेबांचं डोकं. नव्वद सांगितली आणि पंच्याहत्तर लागली की लोक खूश. आपल्याच वेळातली पंधरा मिनिटं त्यांना बक्षीस मिळाल्यासारखी वाटतात!

हे सगळं साहेबांना पाठ आहे. खोडलं. पान कोरं.

९ मार्च, रविवार

बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, वसूल झालं का? एकतीस जण. सव्वीस म्हणाले झालं, तीन म्हणाले डोकं दुखतंय, एकीने उत्तर न देता टोपलीत उलटी केली. तिचा नवरा म्हणाला, "हिचं पण वसूल झालं."

पण ऐंशी मिनिटं उभं राहिल्यावर 'फुकट गेली' असं कोण कबूल करेल? मीही केलं नसतं. म्हणून हे आकडे कामाचे नाहीत.

११ मार्च, मंगळवार

टोपीवाले काका आले. दर मंगळवारी येतात. वय सत्तरीच्या पुढे, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर राखाडी टोपी. बरोबर कुणी नाही. लांब उभे राहून वाट बघतात आणि मी कार्ड काढलं की चपळाईने शेपटाला येतात — "द्या, मी नेतो."

आणि गाडीत बसत नाहीत! फलाटाशेजारी एक छोटं दार आहे, ऐन वेळी धीर सुटलेल्यांसाठी. तिथून निघून जातात. सव्वा तास उभं राहून! आज विचारलंच, "काका, भीती वाटते तर येता कशाला?" म्हणाले, "भीती वाटते म्हणूनच तर सव्वा तास लागतो."

पानावर लिहिलं — काही लोक बसतही नाहीत. 'नाही'च्या बाजूला एक मुद्दा.

१५ मार्च, शनिवार

गुडघे. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज माझी शोभा झाली.

दहा चाळीसला काकांना कार्ड दिलं. साठ मिनिटं झाली, कार्ड नाही. सत्तर, ऐंशी. तार नुसती हलतेय. कार्ड आलं नाही तर दर दहा मिनिटांनी आकडा वाढवायचा, असा नियम आहे. वाढवला. शंभर. एकशे वीस. लोक येतात, फळा बघतात, "छे! चल" म्हणतात, जातात. मला दिसते फक्त शेपटी, बाकी रांग शेडच्या आत. मला वाटलं, वर काहीतरी तुंबलंय. एकशे पन्नास लावले!

तेवढ्यात साहेब तरातरा आले. "बाई, गाडी अर्धा तास रिकामी फिरतेय! आत चिटपाखरू नाही! आणि तुम्ही फळ्यावर काय लावलंय?" मी फळा बघितला, शेड बघितली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. कान तापले नुसते.

लिव्हरवाला आज नव्हता. सुरक्षेच्या ट्रेनिंगला पाठवला होता. बदली माणसाला विचारलं, कार्ड कुठाय? म्हणाला, "एक म्हातारे आले, मला बघितलं आणि छोट्या दारातून गेले. कसलं कार्ड?"

भयंकर राग आला काकांचा. रात्रीची भाजीही करपली त्या रागात.

१९ मार्च, बुधवार

काका आले. बुधवारी! कार्ड रुमालात गुंडाळून आणलं होतं. "बाई, काल हे खिशातच राहिलं. तुम्हाला बोलणी बसली असतील." चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं, तोच म्हणाले, "तो आजारी तर नाही ना?"

"कोण?"

"वरचा. लिव्हरवर असतो तो. माझा मुलगा."

बाकावर बसवलं त्यांना. सात वर्षांपूर्वी मुलाने शिक्षण अर्धवट सोडून ही नोकरी धरली. काका म्हणाले होते, "पाळणे हलवायला शिकवलं का तुला? माझ्या दारात पाय ठेवू नकोस." त्याने ठेवला नाही. फोन नाही, पत्र नाही. दोन वर्षांपूर्वी काका पहिल्यांदा रांगेत उभे राहिले. वर पोचले, तोंडातून शब्द फुटेना. पण कार्ड हातात होतं. त्याने सगळ्यांना विचारतो तसं विचारलं, "किती वाजता उभे राहिलात?" — "दहा चाळीस." — "किती जण?" — "एकच."

"तेवढंच बोलतो," काका म्हणाले. "पण बोलतो."

पाणी दिलं.

२१ मार्च, शुक्रवार

लिव्हरवाला मंगळवारची सुट्टी कधीच घेत नाही. बाकीचे वारावरून भांडतात, हा पठ्ठ्या मंगळवार कुणाला देत नाही. मला आजवर वाटायचं, मंगळवारी गर्दी कमी म्हणून. आळशी समजत होते मी त्याला.

डब्याच्या वेळेला वर गेले. सरळ म्हटलं, "ते तुझे बाबा ना?" फडक्याने लिव्हर पुसत राहिला. "एवढे येतात, पण कसा आहेस म्हणून कधी विचारलं का मला?"

"मला विचारलं. आजारी तर नाही ना, म्हणून."

फडकं थांबलं. मग परत सुरू झालं. मी खाली आले.

२४ मार्च, सोमवार

पान दिलं. 'नाही' लिहिलं.

काय करू? जे बघितलं तेच लिहिलं. पोरं रडतात, म्हाताऱ्यांचे पाय सुजतात, नवरा-बायको रांगेतच हमरीतुमरीवर येतात. दोन मिनिटांसाठी एवढं नाही परवडत. एका माणसाला परवडतं, म्हणून हजारांना उभं करायचं? शिवाय मला खुर्ची हवी होती. हवीच होती. इथे तरी खोटं कशाला लिहू.

साहेबांनी वाचून मान डोलावली. एक तारखेपासून टोकन. हे म्हणाले, "पेढे कधी?" मी म्हटलं, भाजी चिरून द्या आधी.

२५ मार्च, मंगळवार

काका नेहमीच्या वेळेला आले. कार्ड देताना सांगितलं, हे शेवटचं. पुढच्या मंगळवारपासून रांग नाही. वर कुणी काही विचारणार नाही, मशीन टोकन बघेल आणि दार उघडेल.

"कुणी ठरवलं?"

"मी."

टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "तुमचेही पाय दुखत असतील," म्हणाले आणि रांगेत शिरले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवसभर तारेकडे डोळे. बारा पाचला कार्ड आलं. उलटसुलट करून बघितलं. काही लिहिलं असेल, एखादा शब्द! दहा चाळीस, बारा पाच. बस्स. पंच्याऐंशी मिनिटं. पंधरा वाढवून फळ्यावर शंभर लावले.

२८ मार्च, शुक्रवार

फळा उतरवला. खिडकीला रंग दिला. खुर्चीला चाकं आहेत.

१ एप्रिल, मंगळवार

खुर्ची छान आहे. पाठ टेकते, गुडघे गप्प. सकाळपासून एकशे चाळीस टोकनं दिली. एकही चेहरा लक्षात नाही.

पावणेअकराला खिडकीत लिव्हरवाला. अंगात घरचा शर्ट! म्हटलं, आज ड्यूटी नाही? म्हणाला, "सुट्टी घेतलीय. दोन टोकनं द्या." मान वर करून बघितलं. मागे बाकावर काका बसले होते, टोपी मांडीवर.

"दहा मिनिटांनंतरचं आहे, देऊ?"

"नको," म्हणाला. "सगळ्यात उशिराचं द्या."