रुखवतातला पिंजरा

१९ मे
लग्न आटोपलं. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले, राह्यला तो पिंजरा.
रुखवतात पोरी लाडू-करंज्यायचे ताटं मांडते, कापसाच्या बाहुल्या मांडते. वै.नं (वैशाली. बायको. लिहिताना अजून कसंतरी होते) मधोमध पिंजरा मांडला. आत दोन पक्षी, जितेजागते, एक हिरवा अन् एक निळी. अर्धी वरात नवरदेवाले सोडून पिंजऱ्याभवती. फोटोवाला बी तिकडंच. मी गळ्यात हार घालून खुर्चीवर एकटा.

२१ मे
पिंजरा आमच्याच खोलीत. दुसरीकडं ठेवता येत नाही म्हणे, घरात बोका हाय. बोका म्हणजे माहा वाघ्या. त्याचे डोळे उघडले नव्हते तवापासून शर्टात घालून पोसला म्या त्याले. आता त्याले खोलीत यायची बंदी. दाराबाहेर बसून ओरडते.
अन् कूलर! आमच्या रामाकोन्यात या दिवसात खोली म्हणजे भट्टी. लग्नासाठी म्हणून नवा कूलर घेतला, तो तिनं भिंतीकडं फिरवला. पक्ष्यायले थेट वारा लागू नये.
"एवढासा जीव हाय जी त्यायचा."
माहा जीव मोठा, म्हणून मी घामानं न्हायलो.

२४ मे, शनि.
जामसांवलीले दर्शनाले गेलो. गाडीवर मागं बसली, हात माह्या खांद्यावर. मस्त वाटून राहिलं होतं. तेवढ्यात कानाशी म्हणते, "खिडकीची कडी लावली ना जी? वाघ्या घुसन नाही तं."
मारुतीपुढं लय वेळ डोळे मिटून उभी होती. काय मागतलं म्हटलं. तं म्हणे सोन्या कालपासून दाणे कमी खाऊन राहिला. सोन्या म्हणजे तो हिरवा.

२६ मे
सकाळी कानावर आलं, "उठला का माहा सोन्या?" मी डोळे मिटल्या मिटल्या "हूं" म्हटलं. पाह्यतो तं पिंजऱ्यावरचं फडकं काढून राहिली होती. तोंडावर चादर ओढून घेतली. ती हसली का नाही, समजलं नाही.
त्या हिरव्यात काय हाय एवढं? नाक वाकडं, गाल पिवळे, काम ना धंदा.

२ जून
व्हायचं ते झालं. माय झाडू मारत होती, दार उघडं राह्यलं, वाघ्या आत. मी संत्र्याच्या बागेतून आलो तं पिंजरा जमिनीवर, बाजरी सगळीकडं. निळीचे शेपटीचे पंख गेले. सोन्या कोपऱ्यात गप. वै. खाली बसून रडून राहिली.
माय भडकली. "त्या बोक्याले पोत्यात घाल अन् नदीपार सोडून ये."
पोतं हातात घेतलं. इथं खोटं कायले लिहू, बोक्याऐवजी त्या पिंजऱ्यालेच पोत्यात घालावं वाटलं.
वै. मधात आली. नाक पुसत म्हणे, "त्याले नका नेऊ. त्याचं घर हाय हे. आम्ही मागून आलो."
आम्ही. म्हणजे ती अन् पक्षी. मंग मी कोण्या बाजूले?

८ जून
पिंजरा आता छताच्या हुकाले टांगला, उंच. अन् पक्ष्यायले दाणे टाकायच्या आधी वाघ्याले पोटभर दूधपोळी, हे तिचं नवीन. आज दुपारी बाहेरच्या खाटेवर पाह्यतो काय, वाघ्या तिच्या मांडीवर, पोट वर करून! "ये बे इकडं" म्हटलं. एक डोळा उघडला, मले पाह्यलं, मिटला. गद्दार.
शेरू कुत्रा तं पहिल्याच दिवशी फितूर झाला. माय तिच्या वेण्या घालते. बाबा माह्यासंग संत्र्याच्या भावाशिवाय काही बोलत नाही. ते आज पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून शिट्ट्या मारून राहिले होते. बाबायले शिट्टी वाजवता येते हे मले आज समजलं.

११ जून
ती साऱ्यायसंग बोलते. सोन्यासंग, वाघ्यासंग, शेरूसंग, तुळशीसंग. माह्यासंग तीन वाक्यं. जेवाले वाढू का. हो. नाही.
मीच बोलावं म्हणा. पण समोर आली का जीभ टाळूले चिकटते. विचारायचं असते "करमते का तुले इथं" अन् तोंडातून निघते "मीठ कमी हाय". इथं मात्र पानंच्या पानं लिहितो.

१७ जून
बागेतली पाण्याची मोटर बंद पडली म्हणून भर दुपारी घरी आलो. खोलीतून तिचा आवाज. दाराच्या फटीतून पाह्यलं. पिंजऱ्यात हिरव्यागार सांभाराची, कोथिंबिरीची, काडी धरून सोन्याले सांगून राहिली होती,
"तुले माहीत हाय का, ते रोज वहीत लिहिते. मी आली का झटकन मिटते. मले एक वाक्य नाही अन् वहीले पानभर! काय हाय त्या वहीत एवढं? मेली ती वही."
मी आल्या पावली मागं.
वहीवर जळते! कागदावर! असं कोणी जळते का? पक्षी तरी जिवंत हाय, तिच्या खांद्यावर बसते, कानातलं ओढते. त्यायच्यावर जळाले काही अर्थ तरी हाय.
संध्याकाळी मोटर सुरू झाली तं एकाच झाडाच्या आळ्यात पाणी सोडून बसलो. बाबा ओरडले. पण मनातून बरं वाटून राहिलं. लय बरं.

२७ जून
आखाड लागला. पहिला आखाड, नवी नवरी माहेरी. तिचा भाऊ पांढुर्ण्याहून गाडी घेऊन आला. म्हटलं चला, पिंजरा जाईन. मी तं सकाळीच कूलर आपल्याकडं फिरवून ठेवला होता.
तिनं साड्या भरल्या. पिंजऱ्याले हातच लावला नाही.
"प्रवास सोसत नाही त्यायले. तुम्ही पाहा. अन् बोलत जा जी त्यायच्यासंग. माणसाचा आवाज नसला का खात नाही ते."
"काय बोलू?"
"वहीत लिहिता ते."
गाडीमागं शेरू वळणापर्यंत धावला. मी नाही धावलो, लोकं पाहत होते.
कूलर परत भिंतीकडं केला.

४ जुलै
रोज फोन. सोन्या खाते का, निळीले पंख फुटले का, वाघ्या कुठं निजते. मी जेवलो का, हे कोणी विचारलं नाही.
आज तिच्या भावाचा फोन. तिकडं एका शाळेत मास्तरणीची जागा निघाली. ताईचं मन हाय म्हणे. मंग तिकडंच राहावं लागन, रोज जाणं-येणं कसं जमन.
मायले सांगतलं. माय बिनधास्त. "येते ती. पक्षी इथं हाय ना."
पक्ष्यायसाठी येईन! म्हणजे नवरा इथं हाय हे काही कारणच नाही.

९ जुलै
दोघंही पक्षी गप. दाणे तसेच. दार लावून पिंजऱ्यासमोर बसलो, म्हटलं, "हे पाहा, मले तुम्ही आवडत नाही." निळीनं मान वाकडी करून ऐकलं. मंग मी सुरूच झालो. रुखवतापासून सारं सांगतलं. सोन्या दाणे फोडत ऐकत होता. ऐकते बेटा, मानलं.

१३ जुलै
संध्याकाळी तिचा फोन. "स्पीकरवर टाका अन् पिंजऱ्याजवळ ठेवा. आवाज ऐकू द्या त्यायचा." ठेवला. पक्षी गप. "तुम्ही बोला जी, मंग ते बोलते."
फोनकडं पाठ करून बोललो. संत्र्याले फूल आलं, सोन्या. पूर्ण बागेत वास सुटला. वाघ्या तिच्या जुन्या साडीवर निजते, हलवलं तं गुरकावते. नोकरी तिनं करावी, खुशाल करावी, गाडीवर मी नेईन-आणीन. पण त्या शाळेतल्या पोट्ट्यायवर मी आतापासूनच जळून राहिलो, दिवसभर तिचं बोलणं त्यायले भेटन. काय गा सोन्या, कधी येते ती?
फोनमधून आवाज, "हे सोन्याले विचारून राहिले का मले?"
दाराबाहेर वाघ्या ओरडत होता. जीभ टाळूले चिकटली होती.
"तुले," म्हटलं.
मंग ती बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही. सोन्यानं ऐकलं, त्याले इलाज नाही.