शेवटचे तीस

सुमात्रा, ३ मे २००१

चि. निशिकांत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

श्रियाचा दात पडल्याचं वाचून हसू आलं. तुझा पडला तेव्हा तू दिवसभर जेवला नव्हतास.

इथे खाणीचं काही खरं नाही. सोन्याचा भाव पडला आणि गेल्या महिन्यात दोनशे माणसं घरी गेली. कॉलनीतले फोन काढून नेले. एकच उरलाय, मॅनेजरच्या खोलीत. गुरुवारच्या विमानाने कंपनीची टपालाची पिशवी येते-जाते, तेवढाच आधार. ह्यांनी वीस वर्षं खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांवर काढली. बावन्नाव्या वर्षी कोण नोकरी देणार? कमी करायच्या माणसांची यादी सिंगापूरला कंपनीच्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात तुझ्याच हातून जाते ना? एवढं कर माझ्यासाठी. ह्यांना मात्र कळू देऊ नकोस.

शुभदाला आशीर्वाद. माया असू दे.

तुझी ताई

सिंगापूर, १० मे २००१

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

काम झालं. खाण बंद होईपर्यंत ठेवायच्या शेवटच्या तीस जणांत मनोहररावांचं नाव घातलं. अजून सहा महिने पगार चालू राहील. लहानपणी मला रडका म्हणायचीस, आता साहेब म्हणत जा. शुभदाने लिटिल इंडियातून चकलीची भाजणी आणली आहे, ती पाठवतो.

लोभ आहेच, तो वाढवावा.

निशिकांत

सुमात्रा, २४ मे २००१

चि. निशिकांत यास अनेक आशीर्वाद.

साहेब, पत्र वाचून शिरा केला. हे मात्र खूश नाहीत. जेवताना म्हणाले, सर्वांत खालचे पंप विकले गेलेत, आम्हा तिसांना तेच आधी काढायचे आहेत. मी म्हटलं, बरं झालं, काम लवकर उरकेल. ते ताटावरून उठले. सुट्टीत सगळे या.

तुझी ताई

सिंगापूर, ३१ मे २००१

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र आधी मनोहररावांना दे. खालचे पंप काढल्यावर काय होतं, ते मी आमच्या ऑफिसातल्या अभय इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, पंप काढत वर यायचं आणि मागून पाणी चढत येणार. जुन्या बोगद्यांत किती पाणी साठलंय, त्याचा नकाशाच कोणाकडे नाही. शेवटचे तीस म्हणजे कागदपत्रं आवरणारी माणसं, असं मी समजलो. नाव घालताना विचारलंसुद्धा नाही.

त्यांना आजच राजीनामा द्यायला सांग. माझ्याकडे येऊन राहा. मॅनेजरला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्याने मधेच ठेवला. मला फार भीती वाटते आहे, ताई.

निशिकांत

सुमात्रा, ७ जून २००१

चि. निशिकांत यास आशीर्वाद.

पिशवी सकाळी आली, तेव्हा हे निघायच्या बेतात होते. दारातच त्यांनी पत्र वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. म्हणाले, निशिकांतचं बरोबर आहे. पण पाणी कुठून येईल ते तिसांत मला एकट्यालाच कळतं, बाकीच्यांना खाली सोडून मी घरी कसा बसू? चहासुद्धा अर्धा टाकून गेले.

तीनला वर यायचे होते. आता पाच वाजून गेलेत. सगळ्या बायका खाणीच्या तोंडाशी उभ्या आहेत. मी ऑफिसच्या पायरीवर बसून लिहिते आहे, विमान सहाला सुटतं.

तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते. पण राग आहे. स्वतःवरही आहे, नाव घालायला मीच सांगितलं होतं.

मॅनेजर आत्ताच येऊन गेले. माझ्याकडे न बघता त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात बायकोखेरीज आणखी एका जवळच्या नातेवाइकाचं नाव हवं होतं, कळवायला. मी तुझं लिहिलं.

ताई